उशिराचा बार

१२ जानेवारी, सोमवार

बैठक. दोन तास दहा मिनिटं. निष्पन्न काय, तर पुढची बैठक गुरुवारी.

संचालकांच्या डोक्यात संग्रहालयाचं नवं दालन शिरलंय. ‘ठिणगीचा प्रवास’. ठासणीच्या बंदुका — म्हणजे ज्यांत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासायची, त्या — त्यांतली दारू पेटवायची कशी, एवढ्या एका गोष्टीवर अख्खं दालन. आधी तोड्याची बंदूक, मग गारेची, मग टोपीची. भिंतीवर तीन पायऱ्या रंगवायच्या, एकेका पायरीवर एकेक बंदूक, सर्वांत वर टोपीची. संचालकांना इतिहास त्यांच्या भांगासारखा लागतो. सरळ, आणि एक केस इकडचा तिकडे नाही.

मी म्हटलं, नुसत्या पायऱ्या रंगवून काय होणार, कोणती बंदूक किती वेळा चालते आणि किती वेळा दगा देते ते कुणीतरी बार काढून बघायला हवं. बोलून गेले आणि जीभ चावली. या कचेरीत जो सुचवतो त्याच्याच गळ्यात पडतं.

पडलं.

१४ जानेवारी, बुधवार

मदतीला कप्तान दिलेत. उभी हयात दारूगोळ्याच्या भांडारात गेली. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण ते त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. माझ्या खोलीत आल्या आल्या आधी दारं-खिडक्या मोजल्या, मग मला नमस्कार केला. मला ‘बाई’ म्हणतात.

संग्रहातल्या खऱ्या बंदुकांना हात लावू देणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. कारागिराकडून घडवून घेतलेल्या तीन नकला आहेत, त्या वापरायच्या. त्यावर कप्तानांनी तिन्हींची मला ओळख करून दिली. मला! बावीस वर्षं मी इथे बसून याच बंदुकांचा गंज काढतेय. ऐकून घेतलं. वडीलधारे आहेत.

तोड्याची म्हणजे सोऱ्याच्या, दारूतल्या त्या क्षाराच्या, पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, तिचं टोक सतत धुमसत ठेवायचं. चाप ओढला की ते टोक खाली झुकतं आणि नळीच्या बाजूच्या वाटीतल्या चिमूटभर दारूला लागतं. वाटीतली पेटली की बारीक भोकातून जाळ आत. अगदी सोपं. फक्त कमरेला दारू बांधून हातात निखारा धरून फिरायचं. गारेच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या दांड्याच्या, जबड्यात गारगोटी असते, ती पोलादावर आपटते आणि वाटीत ठिणग्या पडतात. पडल्या तर. आणि टोपीची — हिला वाटी नाही, निखारा नाही. नळीच्या मुळाशी पोकळ बोंडी, बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी, टोपीत स्फोटक मसाल्याचा ठिपका. घोडा पडतो, टोपी फुटते, जाळ बोंडीतून थेट आत. वारा असो, ओल असो, हमखास.

संचालकांना ‘हमखास’ हा शब्द फार आवडला. फलकावर ठळक घ्यायला सांगितलाय.

१५ जानेवारी, गुरुवार

बैठक. बिस्किटं मऊ पडली होती.

१७ जानेवारी, शनिवार

कप्तानांनी काल विचारलं, “बाई, तुम्ही या धंद्यात कशा?” मी म्हटलं, जागा रिकामी होती, अर्ज केला. खोटं नाही. पुरतं खरंही नाही. उरलेलं इथेच लिहिते, दुसरं कुणी विचारतही नाही.

मी अकरा वर्षांची होते. बाबा शाळेत शिकवायचे, आणि आमचं थोडं शेत होतं. रानडुकरं पीक उकरायची म्हणून घरात परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. टोपीची. एका सकाळी बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, आमचे काका, शेतावर गेले. बंदूक काकांच्या हातात होती. ती उडाली आणि गोळी बाबांच्या पोटात गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा दवाखान्यात वारले.

काकांचं म्हणणं असं — डुकरावर नेम धरून चाप ओढला, नुसतं टक् झालं, बार निघाला नाही. त्यांनी बंदूक खाली घेतली, बाबांकडे वळले आणि म्हणाले, “दादा, नुसतीच टोपी फुटली, बार काही निघाला नाही.” हे बोलून होतंय तोवर बंदूक उडाली.

त्या वाक्यानेच त्यांचा घात केला. कोर्टात एक शस्त्रतज्ज्ञ आले होते. त्यांनी सांगितलं, टोपी फुटली की बार त्याच क्षणी होतो, नाहीतर होतच नाही, मध्ये अख्खं वाक्य बोलण्याइतकी सवड नसते. म्हणजे आरोपी खोटं बोलतोय. भरलेल्या बंदुकीशी खेळ करत होता आणि आता गोष्ट रचतोय. दोन वर्षांची शिक्षा झाली. नातेवाइकांत ते वाक्य विनोदासारखं फिरलं. कुणी थाप मारली की मोठी माणसं म्हणायची, “हो का? नुसतीच टोपी फुटली का?” मीसुद्धा म्हटलंय.

आईने त्यांचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. अडतीस वर्षं झाली. मी एकदा पाहिलं, आत्या गेली तेव्हा. अंगणात समोरून येत होते. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. पट्टा नव्हताच त्या चपलेला.

आईला मी ‘जुन्या धातूच्या वस्तू’ सांभाळते असं सांगून ठेवलंय. तिला माहीत आहे कसल्या वस्तू. तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. अशा रीतीने आमच्या घरात पूर्ण शांतता नांदते.

२० जानेवारी, मंगळवार

नेमबाजी संघाचं मैदान मिळालं. समोर वाळूच्या पोत्यांची भिंत. कप्तान बार काढणार, मी कॅमेऱ्यावर. हा कॅमेरा सेकंदाला दोनशेचाळीस चित्रं घेतो, म्हणजे घोडा पडल्यापासून नळीतून जाळ येईपर्यंत किती वेळ गेला ते चित्रं मोजून काढता येतं. मला बार काढायला सांगितलं तर मी मानेला लचक भरल्याचं सांगणार होते. कुणी सांगितलं नाही.

आज तोड्याची. कोरड्या हवेत पन्नास बार, त्यांतले सत्तेचाळीस झाले. मी तोंडात बोट घातलं. दोरीच ती! वास मात्र असा, की येताना बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

तीन वेळा बार झाला नाही. कप्तानांचा नियम — बार झाला नाही तर बंदूक तशीच समोर रोखून साठपर्यंत मोजायचं, मगच हलायचं. आणि मनात नाही, मोठ्याने. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पोत्यांच्या भिंतीकडे बघून कवायतीच्या आवाजात आकडे म्हणतोय आणि मी शेजारी उभी. शाळा सोडल्यानंतर पाढे ऐकायची ही पहिली वेळ.

मी म्हटलं, कप्तान, तीसपर्यंत मोजलं तर?

“बाई, एकोणतीसपर्यंत मोजणारे माझ्या ओळखीचे होते,” म्हणाले. होते, म्हणाले.

२१ जानेवारी, बुधवार

गारेची. पन्नासांत एकेचाळीस. गारगोटीची धार विसेक बारांत बोथट होते, मग ती ठोकून सरळ करायची, मग घोड्यात बसवायची, मग ती हलते. नऊ वेळा साठपर्यंत. दुपारपर्यंत मलाच झोपेत आकडे म्हणता येतील असं वाटायला लागलं.

२२ जानेवारी, गुरुवार

संचालकांना आकडे दाखवले. तोड्याची सत्तेचाळीस, गारेची एकेचाळीस. त्यांचा चेहरा पडला. पायऱ्या चढत्या रंगवून झाल्यात, आणि दुसऱ्या पायरीवर इतिहास खाली उतरला.

मी सांगितलं, ओल असली तर चित्र वेगळं निघेल; शिवाय गारेच्या बंदुकीला दिवसभर निखारा बाळगावा लागत नाही, म्हणून ती पुढची. एकाच फुटपट्टीने सगळं मोजता येत नाही. ते विचारात पडले. मग म्हणाले, आकडे जरा समजुतीने घेता येतील का?

म्हटलं, बंदुकीला विचारून सांगते.

२३ जानेवारी, शुक्रवार

घाईघाईने लिहितेय. अक्षर लागलं नाही तरी मीच वाचणार आहे.

आज टोपीची. सकाळपासून नुसता धडाका. एक, दोन, दहा, छत्तीस. घोडा पडला की बार, चित्रं मोजायलाही काही उरत नव्हतं. संचालक मुद्दाम बघायला आले होते, कानात कापूस घालून, खुशीत.

सदतिसावा. कप्तानांनी चाप ओढला. टक्. बार नाही. संचालक म्हणाले, “फुसका निघाला,” आणि हसले. कप्तान हलले नाहीत, बंदूक खांद्याला तशीच, मोजायला लागले. एक. दोन. मी कॅमेऱ्यावरून मान वर केली, कंटाळून. तीन म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि —

बार झाला. पोत्यातून वाळू उडाली. संचालक मटकन खाली बसले.

कप्तान काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, “उशिराचा बार. आम्ही असंच म्हणायचो. बोंडीत तेल किंवा ओल राहिली की जाळ आत पोचत नाही, नुसती ठिणगी धुमसत जाते. पोचायला वेळ लागतो. काल बंदुका कुणी पुसल्या?”

मी. मीच पुसल्या होत्या, आणि तेल जरा सढळ हाताने लावलं होतं.

चित्रं मोजली. तीन वेळा मोजली. सहाशे शहाण्णव. म्हणजे दोन पूर्णांक नऊ दशांश सेकंद.

घरी आले. आई शब्दकोडं घालून बसली होती. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला, फोनवरचं घड्याळ चालू केलं आणि म्हटलं — दादा, नुसतीच टोपी फुटली, बार काही निघाला नाही.

दोन पूर्णांक सहा.

पुन्हा म्हटलं, जरा सावकाश, शेतात सकाळी माणूस बोलेल तसं. दोन पूर्णांक आठ.

आईने बाहेरून विचारलं, कुणाशी बोलतेयस? म्हटलं, फोन.

२४ जानेवारी, शनिवार

पन्नासांत एकदा उशिरा झालेला बार म्हणजे पुरावा नव्हे. असं होऊ शकतं, एवढंच. त्या सकाळी तसंच झालं हे कुठे सिद्ध होतं? मी स्वतःला दिवसभर हे समजावतेय. बावीस वर्षं याच बंदुकांचे पेच सोडवले, बोंड्या तारेने साफ केल्या, त्या भोकात काय काय अडकतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आणि एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हा माणूस खरं बोलत असेल. हुशार म्हणतात मला कचेरीत. वार्षिक अहवालात तसं छापूनही आलंय.

२७ जानेवारी, मंगळवार

कप्तानांना सगळं सांगितलं. म्हणाले, “मग आजच बघू. शंभर बार. तेल मुद्दाम ठेवायचं.”

टोपीच्या बंदुकीत दर वेळी बोंडीत तेलाचा थेंब सोडून शंभर वेळा चाप ओढला. एकसष्ट बार लगेच झाले. बत्तीस झालेच नाहीत. सात उशिरा झाले — सगळ्यांत लवकरचा अर्ध्या सेकंदाने, सगळ्यांत उशिराचा चार पूर्णांक एक. एकोणचाळीस वेळा कप्तानांनी मोजलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा खांदा काळानिळा झाला आणि आवाज बसला. मी थांबा म्हटलं तर म्हणाले, “बाई, शंभर म्हटलं होतं.”

आज खरं तर तिन्ही बंदुकांवर झाडांच्या फवाऱ्याने पाणी मारून बघायचं होतं, ते उद्यावर ढकललं. ठिणगीचा प्रवास एक दिवस थांबेल.

२९ जानेवारी, गुरुवार

बैठक. ओल्या हवेतले आकडे दिले. पन्नासांत तोड्याची एकोणीस, गारेची चौदा, टोपीची सेहेचाळीस. संचालकांच्या जिवात जीव आला. मग कोरड्या हवेतल्या टोपीच्या आकड्यावर पेन ठेवून म्हणाले, “इथे पन्नासांत एकोणपन्नास का? तो सदतिसावा बार शेवटी झालाच ना?”

हो, म्हटलं. शेवटी झालाच.

फलकावर पन्नासपैकी पन्नास जाईल. हमखास.

१ फेब्रुवारी, रविवार

काकांकडे जाऊन आले.

पत्ता आत्याच्या मुलीने दिला. ‘कशाला हवाय’ असं विचारण्यापुरती थांबली आणि मग विचारलं नाही. बसने तीन तास. शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे, वरच्या खोलीत राहतात. लग्न ठरलं होतं ते शिक्षा झाल्यावर मोडलं, ते कायमचंच. रविवार असूनही दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आत दिव्याखाली एक माणूस यंत्राचं पोट उघडून बसला होता. पासष्ट वर्षांचा. मागून बघितलं तर बाबा. बाबा छत्तिसाव्या वर्षी गेले, त्यांची पासष्टीतली पाठ मी कधी पाहिली नाही, तरी ओळखली.

मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. चार मुद्दे काढले होते. त्यांनी वळून पाहिलं, चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, “तू आत्यासारखी दिसायला लागलीस.” मग उठून स्टूल पुसलं.

चारही मुद्दे गेले. मी फोन काढून सदतिसावा बार दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, कारागीर बघतो तसं बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना टक् झाल्यावर त्यांचे ओठ हलले. वाक्य म्हणत होते. बार झाला तेव्हा शेवटच्या शब्दावर होते.

त्यांनी फोन परत दिला. पेचकस फडक्याने पुसायला घेतला. मग विचारलं, बोंडीत तेल होतं का?

मी हो म्हटलं, मीच लावलं होतं.

“आपल्या बंदुकीला दादाने लावलं होतं,” म्हणाले. “आदल्या दिवशी. ओसरीवर बसून. मी बघत होतो.”

मी विचारलं, हे कोर्टात का नाही सांगितलं? तेल होतं हे कळलं असतं तर कुणीतरी तपासून बघितलं असतं.

“गेलेल्या माणसावर काय ढकलायचं? आणि बंदूक माझ्या हातात होती ना. उडाली नाही तर नळीचं तोंड समोर ठेवायचं, एवढं मला कळायला हवं होतं. मी तोंड दादाकडे वळवलं. ती चूक माझीच. खोटं मात्र बोललो नव्हतो.”

मी माफी मागायला लागले. जमलं नाही. आयुष्यभर टोमणे मारायची सवय, सरळ वाक्य तोंडातून निघेना. त्या अंगणातल्या चपलेबद्दल काहीतरी बोलले. त्यांना ते आठवत होतं.

निघताना म्हणाले, “तुला पटलं ना? मला पुरे.” मग, “वहिनी कशा आहेत?” मी म्हटलं, बऱ्या आहेत, हे त्यांनाही दाखवणार आहे. त्यावर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर दिली आणि म्हणाले, नको दाखवूस. त्यांना त्रास होईल. आता या वयात कशाला?

एवढं सोसून वर वहिनींचा त्रास! मला राग आला. कुणाचा, ते बसमध्ये तीन तास ठरवत होते.

२ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. कारण: मान.

४ फेब्रुवारी, बुधवार

आईला दाखवलं.

सकाळी, चहा झाल्यावर. तिच्यासमोर फोन ठेवला आणि म्हटलं, आई, हे बघ, आणि मध्ये बोलू नकोस. मग मीच मध्ये बोलत राहिले. तेल, बोंडी, दोन पूर्णांक नऊ, शंभरांत सात, कोर्टातला तो शहाणा तज्ज्ञ. त्याने एक दिवस मैदानावर घालवला असता तर काकांची दोन वर्षं वाचली असती. मी काकांना भेटून आले हेही सांगितलं. ते एकटे राहतात, हे सांगितलं. तेल बाबांनी लावलं होतं, हे सांगताना जरा अडखळले, पण सांगितलं.

ती रडेल असं वाटलं होतं, किंवा चिडेल. खरं सांगायचं तर माझी दोन्हींची तयारी होती. रुमालही ठेवला होता जवळ. तिने चष्मा काढला, घडी करून शब्दकोड्यावर ठेवला आणि विचारलं, “जाड झालाय का?”

कोण? काका?

“पूर्वी फार किडकिडीत होता.”

म्हटलं, आहे तसाच आहे.

ती उठली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेली. कपडे ओलेच होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बोलत नाही. जेवण वाढते, दार लावते, दिवे मालवते. बोलत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दालनाचं उद्घाटन पुढच्या महिन्यात. फलकाचा मजकूर संचालकांनी मंजूर केला. मी त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ घातली — टोपी फुटूनही बार काही सेकंदांनी होऊ शकतो, असे चाचणीत आढळले. संचालकांनी ती खोडली, गोंधळ उडेल म्हणून. मी पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा खोडली. मग कप्तान त्यांच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि दहा मिनिटांनी बाहेर आले. ओळ राहिली. काय बोललात, विचारलं तर म्हणाले, “साठपर्यंत मोजलं.”

आईला हे सांगितलं. ऐकलं तिने. मान हलवली असं वाटलं.

तिचा धक्का ओसरायला वेळ लागणार. अडतीस वर्षं ज्याला खोटारडा धरलं तो खरा निघाला, हे पचायला सोपं नाही. मी तिच्याशी जरा मऊ वागायचं ठरवलंय. लिहून ठेवते, म्हणजे मोडता येणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आई सकाळी माझ्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, “दवाखान्यात शेवटच्या दुपारी तुझे बाबा शुद्धीवर आले होते. मी एकटीच होते जवळ. म्हणाले, ‘भावाला बोल लावू देऊ नकोस, टोपी फुटली आणि बार मागाहून झाला, मी बघितलं.’ पोलिसांनी मला विचारलं, काही बोलले का? मी नाही म्हटलं. कोर्टातही नाही म्हटलं.”

मी विचारलं, का?

“ते गेले आणि भाऊजी जिवंत होते,” म्हणाली. “तेवढंच.”

काकांना हे ठाऊक आहे. सुटल्यावर एकदा दारात आले होते, तेव्हा तिनेच सांगितलं. ते तसेच परत गेले.

तिला आता त्यांच्याकडे जायचंय. मी सोबत यावं म्हणते. मी हो म्हटलेलं नाही.